पंधरा वर्षांची वॅगन आर, उडालेलं गॅस्केट आणि उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज

गॅरेजला पाटी नाही. मेस्त्री म्हणाले, "बाई, काय लिवायचं ते लिवा, पण नाव-नंबर टाकू नका. हायत त्याच गाड्या उरकंनात." म्हणून नाव देत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, लेथच्या दोन दुकानांच्या मधे, तीन गाड्या कशाबशा मावतील एवढी जागा आहे. दुरुस्ती चांगली झाली की नाही हे गाडी ताब्यात घेतो त्या दिवशी कळत नाही, म्हणून मी नऊ महिने थांबले. साडेनऊ हजार किलोमीटर झाल्यावर हे लिहिते आहे.

गाडी वॅगन आर, २०१०च्या दसऱ्याला घेतलेली. तीन सिलिंडरचं ९९८ सीसीचं पेट्रोल इंजिन. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तीन वर्षांपूर्वी बदली होऊन पन्हाळा तालुक्यात, कोतोलीच्या पुढं गेले. एका बाजूनं सत्तावीस किलोमीटर. एसटी आहे, पण तिच्या वेळेत शाळा बसत नाही. घरी चौऱ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. या गाडीचं बसायचं सीट खुर्चीच्या उंचीचं आहे, त्यामुळं त्या लुगडं सावरत, कुणाचा हात न धरता आत बसतात. खाली बसकण असलेल्या गाडीत त्यांना घालायचं आणि बाहेर काढायचं म्हणजे दोन माणसं लागतात. नवी गाडी कुठली घ्यावी हे सांगणाऱ्या एकानंही ही गोष्ट विचारात घेतली नाही.

गेल्या मे महिन्यात देवगडहून परतताना फोंडा घाटात गाडी गेली. मागं आंब्याच्या चार पेट्या, आम्ही तिघं, एसी चालू. आधी एसीतून गरम हवा यायला लागली. मला वाटलं गॅस संपला असेल. इंजिन फार तापलं की गाडी आधी एसी तोडते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मग लाल दिवा लागला. तिथंच, त्याच सेकंदाला गाडी बंद करायला हवी होती. सावली आणि सपाट जागा बघू म्हणून मी अजून दोन वळणं चढवली. बोनेटमधून वाफ आली, इंजिन थडथडलं आणि बंद पडलं. पुढचं सगळं नुकसान त्या दोन वळणांचं आहे. कोल्हापूरपर्यंत ओढून आणायला साडेसहा हजार गेले.

महामार्गालगतच्या एका मोठ्या वर्कशॉपनं बोनेट उघडून पाच मिनिटांत कागद हातात दिला: इंजिन गेलं, दुसरं बसवावं लागेल, अठ्ठ्याहत्तर हजार. कुठलं इंजिन, किती चाललेलं, त्याचं उत्तर नीट मिळालं नाही. पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, पंधरा वर्षं झाली, सोड आता." शेजाऱ्यांनी सांगितलं, पंधरा वर्षांनंतर सरकार गाडी भंगारातच घालायला लावतं. ते तसं नाही. जुन्या गाड्यांवरची ती बंदी दिल्ली आणि आसपासची. आपल्याकडं खासगी गाडीची तपासणी करून नोंदणी आणखी पाच वर्षं वाढवून मिळते. हे इतक्या जणांना माहीत नाही की चांगल्या चालत्या गाड्या लोक घाबरून पडत्या भावात देऊन टाकतात, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

मेस्त्रींचं नाव शाळेतल्या एका सहकाऱ्यानं सुचवलं. फोनवर त्यांनी आकडा सांगायला साफ नकार दिला. "गाडी आणा. तपासायचे आठशे घेतो. मग बोलूया."

गाडी टेंपोनं नेली. माझी अपेक्षा होती की ते बोनेट उघडतील. त्यांनी पोरांना सांगून गाडी ढकलत खड्ड्यावर घेतली आणि हातात बॅटरी आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खाली उतरले. मी म्हटलं, "मेस्त्री, बिघाड इंजिनात आहे." तर म्हणाले, "इंजिनचं काय घिऊन बसलाय बाई, ते लोखंड हाय, खोलतंय आणि जोडतंय. पत्रा सडला असंल तर इंजिन करून घालायचं कशात?"

वीस मिनिटं ते खाली होते. आणि मलाही त्यांनी खाली बोलावलं. साडी खोचून मी खड्ड्यात उतरले, पंधरा वर्षांत पहिल्यांदा स्वतःची गाडी खालून बघितली. पुढचे शॉकॲब्सॉर्बर वर बॉडीला जिथं बसतात ती जागा, पुढच्या चाकांचा सांगाडा ज्याला धरून असतो त्या पट्ट्या, मागच्या ॲक्सलची टोकं, फरशीचा पत्रा, ब्रेकच्या बारीक नळ्या. प्रत्येक ठिकाणी ते स्क्रू-ड्रायव्हरचं मागचं टोक ठोकत आणि आवाज ऐकायला सांगत. घट्ट पत्रा टणटण वाजतो. सडलेला भद्द आवाज करतो आणि टोक रुतलं की पापुद्रे निघतात. आमच्या गाडीत डाव्या दाराखालची पट्टी, जॅक लावतात तिथं, बोटभर सडली होती. स्क्रू-ड्रायव्हर आरपार गेला. बाकी सगळीकडं टणटण.

कोपऱ्यात एक दुसरी गाडी होती, आमच्यापेक्षा चार वर्षांनी नवी. मालक मालवणकडचे, घर समुद्राजवळ. वरून रंग चकचकीत, इंजिन सुरू केलं तर आवाज गोड. मेस्त्रींनी मागचं पायपुसणं उचलून दाखवलं. खालची जमीन दिसत होती. शॉकॲब्सॉर्बरच्या वरची जागाही पापुद्र्यांची झाली होती. त्या मालकाला त्यांनी क्लचचं काम करायला नकार दिला होता. चौदा हजारांचं काम हातचं घालवून "ही द्या सोडून, घाटात चाक निसटंल" असं सांगितलं होतं. त्या गाडीकडं बघून माझा निम्मा निर्णय झाला.

मग बोनेट. ऑइलचं झाकण फिरवून उलटं केलं तर आत साय धरलेल्या कॉफीसारखा चिकट थर. म्हणजे पाणी ऑइलमध्ये गेलं. रेडिएटरचं झाकण उघडून स्टार्टर मारला तर पाण्यात बुडबुडे. म्हणजे सिलिंडरमधली हवा पाण्याच्या वाटेनं बाहेर पडते आहे. नंतर तिन्ही प्लग काढून एकेका सिलिंडरला दाब मोजायचं घड्याळ लावून कॉम्प्रेशन मोजलं: पहिल्यात १७०, दुसऱ्यात ९०, तिसऱ्यात ९५. वहीच्या पानावर तीन गोल काढून मेस्त्री म्हणाले, "शेजारशेजारचे दोन एकदम पडल्यात. दोघांच्या मधली भिंत म्हणजे गॅस्केट. ते तिथं उडालंय." पिस्टन-रिंगा झिजल्या असत्या तर तिन्ही थोडे थोडे उतरले असते, असंही सांगितलं. मी विज्ञान शिकवते. समजावून सांगणं कशाला म्हणतात ते मला कळतं. हा माणूस चांगला शिक्षक आहे.

आणि त्यांनी काम टप्प्यात मांडलं, त्यासाठी मला हे सगळं लिहावंसं वाटलं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण (गॅस्केट त्याच्याच खाली असतं), खोलायचे तीन हजार. हेड उचलल्यावर सिलिंडरच्या आतल्या भिंतींवर ओरखडे दिसले तर तिथंच थांबायचं. मी तीन हजार देऊन गाडी आहे तशी विकायची. भिंती चांगल्या असतील तर हेड लेथवाल्याकडं पाठवायचं. हेड जास्त वाकलं असेल किंवा चिरलं असेल तर पुन्हा थांबायचं. ते वाचलं तरच सामान आणायचं, आणि तेव्हा हे तीन हजार मजुरीत धरायचे. मोठ्या वर्कशॉपच्या कागदावर एकच आकडा होता, हो किंवा नाही म्हणा. इथं मला दोन ठिकाणी नाही म्हणायची सोय होती.

खोलायला हो म्हणण्याआधी मी एक रात्र घरी वही घेऊन बसले. सगळे एक नियम सांगतात: दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेली की गाडी काढून टाका. मला तो पटत नाही. गाडीची बाजारातली किंमत मला विकायची असेल तेव्हाच उपयोगाची. मला रोज शाळेत जायचं आहे, म्हणून ही गाडी गेल्यावर जी येईल तिला महिन्याला काय पडेल, त्याच्याशी तुलना करायला हवी.

बंद पडलेल्या अवस्थेत जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यानं चाळीस हजार सांगितले होते, भंगाराला बावीस. चालू केली तर एक लाख दहा हजार. पाच-सहा वर्षं जुनी चांगली गाडी साडेतीन लाखांच्या आसपास. पन्नास हजार रोख घातले आणि तीन लाखांचं कर्ज पाच वर्षांसाठी साडेबारा टक्क्यांनी काढलं तर हप्ता साधारण ६,७५० रुपये. मेस्त्रींचा अंदाज, सगळं नीट निघालं तर, पट्टीच्या वेल्डिंगसह २७ ते २८ हजार. म्हणजे चार हप्ते. चाळीस हजारांवर पाणी सोडलं, तेही दुरुस्तीच्याच खर्चात धरले तरी दहा हप्ते. गाडी दहा महिने धड चालली की तिनं स्वतःचे पैसे फेडले.

दुसरी गोष्ट तारखांची. नोंदणी ऑक्टोबर २०२५ मध्ये संपत होती, वाढवली तर २०३० पर्यंत. मी २०३०च्या जूनमध्ये निवृत्त होते. त्यानंतर रोजचे चोपन्न किलोमीटर संपले. म्हणजे मला आयुष्यभराची गाडी नको होती, पाच वर्षांची हवी होती, तीही अशी जिचा पत्रा मी स्वतः ठोकून बघितलेला आहे. साडेतीन लाखांच्या परक्या गाडीखाली मला कोण उतरवणार होतं?

हेड उचललं तेव्हा मी सुट्टीवर होते म्हणून समोर होते. सिलिंडरच्या भिंतींवर कारखान्यात घातलेल्या तिरक्या बारीक रेघा एक लाख अडतीस हजार किलोमीटरनंतरही दिसत होत्या. मेस्त्रींनी माझं बोट धरून... म्हणजे तसं नव्हे, बोटानं खूण करून सांगितलं, इथं नख फिरवा. कुठंच अडकलं नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केट नखाएवढं जळून काळं पडलं होतं. शेजारच्या लेथवाल्यानं हेडवर सरळ पट्टी ठेवून खालून पातळ पाती सरकवून बघितली. "पाच थाऊ." घरी येऊन हिशेब केला. इंचाच्या हजाराव्या भागाचे पाच, म्हणजे साधारण ०.१३ मिलिमीटर. एवढ्याशा वाकण्यानं साडेआठशे-नऊशे किलोच्या गाडीला घाटात उभं केलं.

कारणही सापडलं, आणि ते माझंच होतं. रेडिएटरच्या नळ्यांत पांढरा क्षार आणि गंज गच्च बसला होता. गेली कितीतरी वर्षं पाणी कमी दिसलं की मी अंगणातल्या बोअरचं पाणी ओतत होते. कुलंट (इंजिन थंड ठेवायचं तयार द्रव) महाग म्हणून नव्हे, पाणी ते पाणी असं वाटायचं म्हणून. घरात त्याच बोअरच्या पाण्यानं हंड्याला पांढरा थर धरतो हे मला रोज दिसत होतं. शिवाय थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप, जागेवरच नव्हता. पूर्वी कुणीतरी तो काढून टाकला होता. आपल्याकडं अनेक गॅरेजांत "आपल्या हवेत गरज न्हाई" म्हणून तो काढतात. या मेस्त्रींनी नवा बसवला. त्याच्याशिवाय इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जळतं आणि झीज वाढते, हे त्यांनी न विचारता सांगितलं.

बसवतानाची एक गोष्ट मुद्दाम लिहिते. हेडचे बोल्ट त्यांनी नवे घेतले आणि टॉर्क रेंचनं, मधून बाहेरच्या बाजूला, ठरलेल्या क्रमानं, दोन-तीन फेऱ्यांत आवळले. पोरगा हाताच्या अंदाजानं आवळायला निघाला होता, त्याच्या हातातला पाना त्यांनी काढून घेतला. तुमच्या गाडीचं हेड खोललं असेल तर हे डोळ्यांनी बघा.

बिल असं झालं: गॅस्केटचा संच २,६००; हेड फेस मारणं (घासून सपाट करणं), व्हॉल्व्ह घासणं आणि सील २,८००; वॉटर पंप १,९००; थर्मोस्टॅट ७००; रेडिएटर ३,८००; होस पाइप १,३००; हेडचे बोल्ट ९००; कुलंट, फिल्टर आणि दोनदा बदललेलं ऑइल ३,०००; मजुरी ७,५००. एकूण २४,५००. दाराखालची पट्टी कापून नवा पत्रा वेल्ड करायचे ३,२०० वेगळे. ऑइल दोनदा का, तर पहिलं नुसतं आतलं पाणी धुऊन काढायला, पन्नास किलोमीटरनंतर टाकून दिलं. जुने सगळे भाग गोणीत घालून मला दिले.

तक्रारी आहेत, आणि त्या लहान नाहीत. पाच दिवस सांगून अकरा दिवस लावले. त्यातले चार दिवस गाडीला कुणी हातही लावला नव्हता. फोन उचलत नाहीत, जाऊन उभं राहावं लागतं. बिल म्हणजे पॅडचं पान, त्यावर शिक्का नाही, पुढं काही वाद झाला तर हातात काही नाही. बायकांना बसायला जागा नाही, स्वच्छतागृह तर नाहीच. दुपारभर थांबायचं असेल तर ओळखीचं घर जवळ असावं लागतं. रेडिएटर कंपनीचा न घालता बाजारातला घातला आणि ते मला बसवल्यावर कळलं. मी बोलले. "इचारायला पायजे हुतं, चुकलं," म्हणाले आणि त्याची वर्षाची जबाबदारी पानावर लिहून सही केली. आजवर तो गळलेला नाही, तरी आधी विचारायला हवं होतं हे माझं मत कायम आहे.

त्यानंतरचा पावसाळा, कोतोलीचा रस्ता, दोनदा पन्हाळ्याचा चढ आणि दिवाळीत पुन्हा फोंडा घाट. दिवाळीत घाट चढताना मी एसी बंद ठेवला होता, भीतीनं. वर दाजीपूरला थांबून बोनेटवर हात ठेवला, नेहमीचं गरम. सासूबाई मागून म्हणाल्या, "चल आता, किती बघशील."

नोंदणीचं काम सप्टेंबरात केलं. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो, फॉर्म २५. तेव्हा नूतनीकरणाचे ५,००० आणि पर्यावरण कराचे ३,००० लागले, दोन्ही पाच वर्षांसाठी. डिझेल गाडीला कर थोडा जास्त होता. त्याआधी नव्या सुरक्षा नंबरपाट्या (एचएसआरपी) बसवून घेतल्या. १ एप्रिल २०१९ आधीच्या सगळ्या गाड्यांना त्या लागतातच. विमा आता फक्त थर्ड पार्टी, हजार सीसीच्या आतल्या गाडीला तेव्हा २,०९४ आणि वर जीएसटी होता. आरटीओच्या तपासणीत साहेबांनी दिवे, ब्रेक, हॉर्न बघितला, चेसिस नंबरचा पेन्सिलनं ठसा घेतला आणि खाली वाकून नवी वेल्ड केलेली पट्टी बघून विचारलं, "हे कुठं केलं?" ती तशीच सडकी ठेवून गेले असते तर काय झालं असतं कोण जाणे.

त्याच महिन्यात लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मुलाचा लगेच फोन, "बघ, थांबली असतीस तर नवी स्वस्तात आली असती." मी पुन्हा वही काढली. नव्या गाडीचा हप्ता तरीही माझ्या जुन्या हिशेबातल्या ६,७५० पेक्षा बराच वर जात होता.

पेट्रोलचं मात्र मनात आहे. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि २०१०ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही. मेस्त्रींनी इंजिनाजवळचे पेट्रोलचे रबरी पाइप जानेवारीत बदलले, आणि वास आला तर गाडी तशीच उभी करून फोन करा म्हणाले. फोन उचलाल का, असं मी विचारल्यावर त्यांनी पोराचा नंबर दिला. ॲव्हरेज सतराचं पंधरा-साडेपंधरावर आलं आहे. त्यात पेट्रोलचा वाटा किती आणि वयाचा किती, ते मी अजून वहीत लिहिते आहे.

दर रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, कुलंटची पातळी बघते. बाटलीवर खडूनं रेघ मारली आहे. नऊ महिन्यांत पातळी रेघेखाली गेलेली नाही. क्लच आता वर धरायला लागला आहे. मेस्त्री म्हणतात अजून दहा हजार किलोमीटर जाईल. मे महिन्याच्या सुट्टीत काम करायचं ठरलं आहे, पण आधी गाडी पुन्हा खड्ड्यावर घ्यायची आणि पत्रा ठोकून बघायचा. या वेळी स्क्रू-ड्रायव्हर मी धरणार आहे.